चुलीचा तिसरा दगड

"मावशी, आपला पूल कुणी थांबवला? नियमानं की तू?"

शाळेच्या पटांगणात दोन हजार माणसं होती, पण त्यातल्या निम्म्यांना येमुराचा प्रश्न ऐकूच गेला नाही, कारण ती माणसं "मावशी" या शब्दालाच अडकली. राष्ट्राध्यक्षाला नात्यानं हाक मारायची नाही, हे ओरुंबा महासंघातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. सात वर्षं अध्यक्ष कुणाची मावशी नसते, कुणाची बहीण नसते. ती अकरा प्रांतांची असते, म्हणजे एकाचीही नसते. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. अध्यक्षबाईंच्या मागे उभा असलेला रक्षक उगाचच खाकरला.

आणि मागच्या रांगेत कासोबी तोंडात मूठ कोंबून हसत होती. पैज तिचीच. "तुझ्यात दम असेल तर 'मावशी' म्हणून विचार. पूल का थांबला ते. महिनाभर तुझं दप्तर मी उचलते." येमुरा पंधरा वर्षांची होती, नुकतीच आंतरप्रांतीय वक्तृत्वात पहिली आली होती, आणि आपण तोंड उघडलं की जग थांबतं असं तिला हल्ली वाटू लागलं होतं. दम नाही म्हणे!

अध्यक्ष सेरुती हसल्या. केस पार पांढरे झाले होते, पण हसू तेच. येमुराच्या आईचंच.

"मुली," त्या सगळ्या पटांगणाला म्हणाल्या, "अध्यक्षानं आपल्या प्रांताच्या कामावर सही करायची नाही, हा आपला शंभर वर्षांचा नियम आहे. पूल त्या नियमानं थांबला. मी नियमापुढे मान तुकवली, किसारो गावानंही तुकवली. हा मान सगळ्या महासंघात फक्त तुमचा आहे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. येमुरानंही वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत. एवढी मोठी बाई आपल्या घरची, आणि उद्या दुपारी तिला घरात घेणार कोण? आपण! अध्यक्ष निवडून आली त्या दिवशी तिच्या घरच्या चुलीचा तिसरा दगड काढून राजधानीत नेतात. सात वर्षांनी ती तो स्वतः उचलून परत आणते, आणि घरातली सगळ्यात धाकटी मुलगी तो चुलीला लावते. लावला की अध्यक्ष पुन्हा माणूस. नाही लावला तर तिला उंबरा नाही. आजवर कुणी लावला नाही असं झालेलं नव्हतं. येमुरानं महिनाभर वीट उचलून सराव केला होता. नवा पिवळा झगा खुंटीवर टांगलेला होता.

घरी जाताना वाट नदीकाठानं होती. लुम्वेच्या पात्रात पुलाचे चार खांब उभे होते. सेरुतींनी शपथ घेतली त्या दिवशी मजूर घमेली खाली ठेवून निघून गेले ते गेलेच. खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते.

"दे दप्तर," कासोबी म्हणाली. "काय गं तुझी मावशी! प्रश्न विचारला तू आणि टाळ्या खाल्ल्या तिनं."

"जळतेस."

"जळते कसली, ओझ्यानं मरतेय. दगड भरलेत का यात?"

बरोबर चालणारी त्यांची वर्गमैत्रीण इसोंबे मात्र या थट्टेत नव्हती. तिनं पटांगणात टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिची थोरली बहीण लेबुना दोन वर्षांपूर्वी शिक्षिकेच्या परीक्षेला पलीकडच्या तीराला निघाली होती. भरलेली होडी तिसऱ्या खांबाला आपटली. सात जण गेले. लेबुनाचं प्रवेशपत्र तेवढं मेणकापडात गुंडाळलेलं कोरडं सापडलं.

"सही करायची नाही, असं म्हणाली ती," इसोंबे म्हणाली.

"हो मग? नियमच आहे तो."

"नागरिकशास्त्र, धडा सातवा. अध्यक्षाच्या प्रांताचं काम अकरा प्रांतांचं प्रांतमंडळ मंजूर करतं. कागद अध्यक्षाच्या टेबलावर तीस दिवस पडून राहतो. अध्यक्षानं काही केलं नाही की काम आपोआप सुरू. सही लागतच नाही." ती येमुराकडे वळली. "तुला पैकीच्या पैकी पडले होते ना गं?"

येमुराला पडले होते. ओळ न् ओळ पाठ होती. पाठ केलेलं कधी खरं असतं, असं तिला वाटलंच नव्हतं.

"मंडळानं कागद पाठवलाच नसेल," ती म्हणाली.

"नसेल. तुझ्या घरी उतरलीय ना? विचार की. आता कुणी पैज लावत नाहीये."

संध्याकाळी अध्यक्षबाई अंगणात चटईवर बसल्या होत्या, उंबऱ्यापासून चार हात लांब. आत यायची परवानगी उद्याची. घरचं अन्नही उद्याच, म्हणून शेजारणीनं नाचणीची उकड आणि सुक्या मासळीचं कालवण पाठवलं होतं. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला दगड. रक्षकांना त्यांनी फाटकाबाहेर पिटाळलं होतं. येमुरा वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आली तशा त्या हळूच म्हणाल्या, "आगाऊ पोरी, उद्या दुपारपर्यंत मला मावशी म्हणायचं नाही." मग आणखी हळू, "पण ऐकून बरं वाटलं गं. सात वर्षांनी कुणीतरी हाक मारली."

येमुराला क्षणभर वाटलं, नको विचारायला. पाणी द्यावं आणि आत जावं. पण इसोंबेचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"मंडळानं पुलाचा कागद पाठवला होता का?"

"पाठवला होता की. चौथ्या वर्षी. नऊ विरुद्ध दोन मतांनी."

"मग?"

"एकोणतिसाव्या दिवशी मी परत केला." कपाटातलं पदक काढून दाखवावं तशा त्या बोलल्या.

"का?"

"तू लहान होतीस, तुला आठवायचं नाही. माझ्या आधीच्या अध्यक्षानं असाच कागद तीस दिवस पडू देऊन स्वतःच्या गावात विमानतळ बांधला. विमान एक उतरत नाही, आता तिथं शेळ्या चरतात. त्याचं नाव काढलं की लोक थुंकतात. मी तेव्हाच ठरवलं, माझ्याकडे एकानंही बोट दाखवता कामा नये. सहीशिवाय का होईना, माझ्या काळात माझ्या गावात पूल झाला असता तर लोक काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, पूल झाला."

"येमुरा!"

"त्यांच्या गावात शेळ्यांना चरायला जागा तरी झाली. आमच्या खांबांवर नुसते पाणकावळे हगतात." येमुराचा आवाज चढला. ज्या आवाजानं बक्षीस मिळवलं तो हा नव्हे. हा घशाला ओरबाडत येत होता. "पाचव्या वर्षी होडी उलटली. कागद तू अडवला नसतास तर तोवर पूल झाला असता. चार खांब तर उभेच होते!"

"ते कळल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. सातही घरांना शोकपत्र पाठवलं."

"सही करून?"

"म्हणजे?"

"त्या पत्रांवर सही करता आली तुला? आपल्या प्रांताच्या कागदावर?"

अध्यक्षबाईंनी उकडीची वाटी खाली ठेवली. फाटकाबाहेर रक्षक बिडी पेटवत होते.

"आणि सकाळी खोटं का बोललीस? दोन हजार माणसांसमोर? इसोंबेची आई पहिल्या रांगेत बसली होती. नियमानं थांबला म्हणे! आम्ही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या!"

"खोटं नाही. नियम तर आहेच."

"सगळा नियम मला पाठ आहे, मावशी. अर्धाच तू सांगितलास."

लाल फडक्याची गाठ त्यांनी सोडली, परत बांधली. "तुला वाटतं मला सोपं गेलं? रात्री मोठ्या घरात एकटीच असायचे मी. स्वयंपाकीण मला 'महामहिम' म्हणून मीठ विचारायची. मी स्वच्छ राहिले, एवढंच माझ्यापाशी होतं. मला आता घरी यायचंय गं. बाकी काही नको."

कुठल्याही दुसऱ्या दिवशी येमुरा तिच्या गळ्यात पडली असती. आज तळपायाची आग मस्तकात गेली होती. स्वच्छ! पाणी आमचं, बुडाले आमचे, आणि धुऊन निघाली कोण, तर ही!

ती उठली आणि आत गेली.

आत आई चुलीपाशी होती. दोन दगड आणि एक वीट, सात वर्षं भांडं एका बाजूला कललेलं. आईच्या मनगटावर उतू गेलेल्या कालवणाच्या चटक्यांचे डाग होते, जुने आणि नवे. बाबा पाहुण्यांसाठी स्टुलं मोजत होते. किसारोत नवरे बायकोच्या घरी नांदायला येतात, त्यामुळे मेहुणी अध्यक्ष झाल्याचा अभिमान जावयालाच जास्त.

"आलीस? झगा घालून बघ एकदा," बाबा म्हणाले. "अकरा प्रांतांचे लोक येणार आहेत. दगड उजव्या हातानं धरायचा, विसरू नकोस."

"बाबा, पूल मावशीनं अडवला. मंडळानं मंजूर केला होता. तिनं परत पाठवला, तिला कुणी नाव ठेवू नये म्हणून."

बाबा हसले. "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"तिनंच सांगितलं. आत्ता."

बाबांचं हसू विरलं. त्यांनी हातातलं स्टूल खाली ठेवलं आणि आईकडे पाहिलं. आई पाठमोरी होती. तिनं पळी फिरवायची थांबवली नाही.

"आई? तुला ठाऊक होतं?"

"तिचं पत्र आलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, आली की तीच सांगेल सगळ्यांना."

"तू लेबुनाच्या मयतीला गेली होतीस, आई! इसोंबेच्या आईला धरून रडली होतीस!"

"मग काय करायचं होतं मी? सख्खी बहीण आहे ती माझी."

"हे बघ," बाबा मध्ये पडले, आवाज खाली आणून, "झालं ते झालं. पुढचा अध्यक्ष पूल बांधेल. उद्याचा दिवस पार पडू दे. मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी–"

"लहान? मग दगड मोठ्यांनीच लावा की! तिथं धाकटी मुलगी लागते ना? ती मी आहे. माझ्यावाचून तिला या घरात पाऊल ठेवता येत नाही, तुम्ही अकरा प्रांत बोलावलेत तरी."

"येमुरा, ती म्हातारी झालीय," आई आता वळली. डोळे धुरानं लाल होते की कशानं, कळत नव्हतं. "जाईल कुठं ती?"

येमुराला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. तिनं नाक मनगटाला पुसलं. खुंटीवरचा पिवळा झगा काढला, घडी घालून आईच्या हातात दिला.

"ऐका दोघंही. उद्या मी शाळेच्या कपड्यांत येणार. मावशीनं आधी पटांगणात उभं राहायचं, सकाळी उभी होती तिथंच, इसोंबेच्या आईसमोर, आणि सांगायचं, 'पूल नियमानं नाही, मी थांबवला.' एवढंच. सांगितलं तर दगड मी लावीन, उजव्या हातानं, तुम्ही म्हणाल तसा. नाही सांगितलं, तर मी दगडाला हात लावणार नाही."