चपलांचा पाचवा जोड

संगणक कक्षाच्या दाराबाहेर चपलांचे पाच जोड होते आणि आत माणसं चार. पाचव्या जोडातल्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाला गव्हाच्या दाण्याएवढी जास्त झिजलेली.

आत धूळ जाऊ नये म्हणून अनवाणी यायचं, हा नियम कक्षाची प्रमुख महानंदा हिचा. पाचवा जोड तिच्या हाताखालच्या त्रिंबकचा. आठ महिन्यांपूर्वी एका शनिवारी तो पायात बूट चढवून परळीला गेला, तो परतलाच नाही.

शनिवारचा नियमही तिचाच. आग लागली, चोरी झाली तरी अंबाजोगाईच्या कचेरीतल्या नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून त्यांची एक टेप परळीच्या कचेरीत ठेवायची. वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकने वाटेत त्याची स्कूटर उडवली. टेपला ओरखडाही नव्हता.

"म्याडम, भूत लई शिस्तीचं हाय," शिपाई बंकट म्हणायचा. "चप्पल काढल्याबिगर आत बसत न्हाई."

महानंदाला हसू येत नसे. संगणक कोणी कधी उघडला याची यादी ती रोज तपासायची, आणि त्या यादीत अजूनही सकाळी नऊ चाळीसला त्रिंबकचं नाव उमटायचं. सहा मिनिटं. बदल काहीच नाही.

गेल्या चार महिन्यांपासून मुंबईचं परिपत्रक दर महिन्याला विचारायचं : मयत कर्मचाऱ्याचा पासवर्ड चालू आहे काय? तीनदा तिने 'निरंक'चा शिक्का मारून सही केली होती. खोटी. संगणकावरचं त्याचं खातं बंद करायचं तर आतल्या सगळ्या मजकुराची छापील प्रत फायलीला लावावी लागे, आणि त्रिंबकला तर रोजचं बारीकसारीक टिपून ठेवायची सवय.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती मुद्दाम नऊ बेचाळीसला आली. दाराबाहेर दोनच जोड होते. एक त्रिंबकचा, त्याला लागून ईश्वरीचा. ईश्वरी म्हणजे त्याची बायको. अनुकंपेवर इथेच लागलेली, घाटनांदूरहून पहिल्या बसने येणारी.

"पासवर्ड कुणी दिला?" महानंदाने आत शिरत विचारलं.

"त्यांनीच. माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई, तू ठेव म्हणाले."

पडद्यावर त्रिंबकची त्या शनिवारची नोंद होती, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. *बसने जातो म्हणालो. म्याडम म्हणाल्या उशीर होईल, स्कूटर काढा.*

महानंदाने खुर्चीची पाठ धरली. "रोज हेच वाचता?"

"वाचलं पयल्याच दिवशी." ईश्वरी मागे वळली नाही. "मंग रोज उघडून बसते. म्हटलं, म्याडम कवातरी बोलतील."

बाहेर बंकटच्या किल्ल्या वाजल्या, लांब गेल्या. महानंदाने खणातून परिपत्रकाचा या महिन्याचा तक्ता काढला. 'निरंक'चा शिक्का बाजूला सारला.

"त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. स्कूटर काढा असं मीच म्हणाले होते," ती म्हणाली. मग पेनाचं टोपण काढून, एकेक शब्द तोलत : "आज मी त्यांचं खातं बंद करते, ईश्वरीबाई. हा मजकूर छापून फायलीला लावते. आणि इतके दिवस ते का बंद केलं नाही, तेही माझ्या सहीने खाली लिहिते."