मी मस्कतचा खजूर, मुक्काम मोताळा

मी खजूर, एक कुत्रा, बोलतोय. आधीच माफी मागतो. माझं व्याकरण कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. मस्कतमध्ये माझ्या मालकाने, चिन्मयने, मला कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका माणसाकडे घातलं होतं, पण ‘बस’ आणि ‘थांब’ एवढं शिकून मी पळून आलो. अनोळखी माणूस दिसला की अजूनही खाटेखाली जातो. तरी आज बोलणार, कारण या घरातल्या माणसांपुढे मी हात टेकले आहेत.

माझा जन्म तिथल्या एका बांधकामावरचा. चिन्मय तिथे नोकरीला होता, त्याने मला उचलून घरी नेलं. नोकरी सुटल्यावरही तो मला टाकून आला नाही. पण भारतात यायचं म्हणजे काय सोपं? मानेच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप बसली. रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधी टोचलेली हवी, वर्षाहून जुनी नको. सरकारी परवानगी येईपर्यंत चिन्मयची झोप उडाली. मुंबईच्या विमानतळावर डॉक्टरांनी दात, डोळे, कागद, सगळं तपासलं. वैताग आला, पण पटलंही. एका आजारी कुत्र्यापायी माणूस जातो. एवढी चौकशी हवीच.

मग मी चिन्मयच्या गावी, मोताळ्याला आलो आणि चौकशी संपली.

चिन्मयला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला कुत्रा चालेना, म्हणून मी त्याच्या आईवडिलांकडे राहिलो. वडील सुधाकरराव निवृत्त कारकून, आई प्रेमलाबाई. शेजारचे जानराव मला बघायला आले.

“हा फॉरेनचा? आपल्या गावठीसारखाच दिसून राह्यला बे!”

“विमानात बसून आला तो,” सुधाकरराव म्हणाले. “तू बसला का कधी?”

वर्ष उलटलं. चिन्मय फोनवर ओरडायचा, “बाबा, खजूरची लस झाली का?”

“त्याले कायची लस? सरकारनं तपासून सोडला त्याले!”

जणू विमानतळावरचा शिक्का जन्मभर पुरतो! अहो, बाहेरून कुत्रा आणणाऱ्यांनो, लस दरवर्षी लागते. मोताळ्याचे कुत्रे माझे कागद वाचून चावत नाहीत.

आणि झालंच तसं. गेल्या बाजाराच्या दिवशी लाळ गाळत एक कुत्रा अंगणात शिरला आणि त्याने माझा कान धरला. प्रेमलाबाई झाडू घेऊन धावल्या. तो पळाला, पण जाताना त्यांच्या मनगटाला चावून गेला.

आता कपाळाला हात लावा. सुधाकररावांनी स्कूटर काढली ती माझ्यासाठी. प्रेमलाबाईंनी जखमेत तिखट भरलं, वर चिंधी बांधली आणि मला धरायला मागे बसल्या.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नीरजांनी माझा कान धुतला, लस टोचली. “याला बांधून ठेवा, लक्ष ठेवा. खाणं सोडलं, अंधारात लपायला लागला, तर मला लगेच कळवा.”

प्रेमलाबाई हात पदराखाली धरून उभ्या होत्या. मी पदर दातात पकडून ओढला.

“काकू, हे काय? तिखट?” डॉक्टरांनी त्यांचा हात नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ साबणाने धुतला. “रेबीज एकदा झाला की औषध नाही. आत्ताच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.”

“जाईन न,” त्या म्हणाल्या. स्कूटर मात्र घरी आली.

“दवाखान्यात जाऊन येऊ का, वं?” सुधाकररावांनी विचारलं.

“पोटात सुया देतात म्हणे. माही माय तिखटच लावे. काई झालं नाही कोणाले.”

“दंडात देतात आता.”

“मंग उद्या पाहू.”

मला सुई आणि त्यांना तिखट! मी भुंकलो. “चूप रे,” एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलाबाईंनी दुधात कुस्करलेली भाकरी पुढे ठेवली. पोटात कावळे ओरडत होते. मी तोंड फिरवलं आणि साखळी पुरेल तितकं कूलरच्या मागे, अंधारात जाऊन बसलो.

“खजूर, ये न रे बाबा.”

मी हललो नाही.

“अहो!” त्यांचा आवाज चिरकला. “यानं तोंडच नाही लावलं! लपून राह्यला हा!”

सुधाकरराव कप ठेवून उठले, वाकून माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मागे सरले. “चाल वं, बस गाडीवर. पहिले तुही सुई.”

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला. मी बाहेर आलो आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.