नारळाच्या तेलावर धावलेली जीप

मित्रांनो, बूगनव्हिल बेटावर, रताळ्याच्या वेलांत रुतलेली मी एक जुनी जीप आहे. माझ्या टपावर आता कोंबड्या बसतात.

आधी मी तांब्याच्या खाणीत साहेबांना फिरवत असे. खाणीने डोंगर पोखरला, नदी नासली. चिडलेल्या लोकांनी खाण बंद पाडली, मला पळवलं आणि सांगितलं, आम्ही या देशातून वेगळे होणार! सरकारने समुद्र अडवला. डिझेल नाही, मीठ नाही, औषध नाही.

तेव्हा आमच्या गावचा म्होरक्या सेव्हेरिन माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "सरकारला हरवायचं कशाला? दमवायचं! खाण बंद, म्हणजे त्यांची तिजोरी रिकामी. आपल्याला काय, नारळ आहेत तोवर गाडी पळणार!"

खरंच पळाले मी. सकाळी गोठलेलं तेल बायका चुलीवर पातळ करून माझ्यात ओतत. माझ्या धुराला तळणाचा वास येई आणि उपाशी पोरं मागे धावत. सगळे माझं कौतुक करत. मीही फुशारले होते.

आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. नारळीची बाग सेव्हेरिनच्या थोरल्या बहिणीची, रुफिनाची. तिच्या शब्दाशिवाय नारळ पडत नसे. तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

मग तिची लेक देलिया अडली. मूल आडवं होतं. किनाऱ्यावर होडी तयार होती, पलीकडच्या देशात डॉक्टर होता. तेल मात्र एकाच फेरीपुरतं होतं, आणि सेव्हेरिनची माणसं बंदुका घेऊन माझ्यात बसली होती.

रुफिना आडवी आली. "उतरा खाली. तेल माझं आहे."

"ताई, सरकारी सैन्याची ही एक छावणी पडली की सरकार हात टेकतंय बघ."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

"देलिया माझी कोणी नाही का? संध्याकाळच्या आत परततो, तोवर नवं तेल काढून ठेवा, मग मीच नेतो तिला. तेवढा दम धरायला सांग."

रुफिनालाही जिंकायचं होतं. शेवटी ती बाजूला झाली.

छावणी पडली, मित्रांनो. आम्ही गात, हॉर्न वाजवत परतलो. अंगणात बायका खाली मान घालून बसल्या होत्या. देलिया गेली होती, मूलही गेलं होतं.

रुफिना भावाला म्हणाली, "जिंकलास ना? मग जा, तिला उठवून सांग."

दुसऱ्या दिवसापासून रुफिनाने एक नारळ दिला नाही. बाकीच्या आयांनीही हात आखडला. मी जागच्या जागी गंजले. सरकारने हात टेकले नाहीत. लढाई पुढे कितीतरी वर्षं चालली.

मला गंजल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? तुमच्या दारात गाडी असेल तर तिची निगा राखा, तेलपाणी करा. पण घरात कोणी अडलं असेल तर आधी त्याला गाडीत बसवा. बंदुकवाल्यांना चालत जाऊ द्या.