चष्म्याच्या घरातली गोळी

मित्रांनो, मी एक जुने चष्म्याचे घर आहे. तपकिरी चामड्याचे, आतून निळ्या मखमलीचे. कारागिराने मला शिवले तेव्हा माझे झाकण असे खाडकन मिटायचे की दुकानातली गिऱ्हाइके दचकायची. आता ते बोटाने दाबून धरावे लागते.

मला विकत घेतले रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या एका बाईंनी. त्यांचा आवाज घरोघरी ओळखीचा होता. पण माइकपुढचा लाल दिवा लागला की त्यांची छाती धडधडायची, तळहात घामाने चिंब व्हायचे आणि हातातला कागद थरथरायचा. एकदा ती फडफड बातम्यांतच ऐकू गेली. "कागद जरा नीट धरत जा," एवढेच साहेब म्हणाले. बाईंनी ते मनाला फार लावून घेतले.

डॉक्टरांनी त्यांना एक छोटी गोळी लिहून दिली. "भीती पळून जाणार नाही, पण धडधड आणि हातांचा कंप कमी होईल," ते म्हणाले. दमा नाही ना, हेही त्यांनी विचारून घेतले. बाईंना दमा नव्हता. गोळी लागू पडली, कागद स्थिर राहिला आणि साहेबांची शाबासकी मिळाली. तिथूनच बाईंना लाज वाटू लागली. हे कौतुक आपले नाहीच, गोळीचे आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या गोळ्या पाकिटातून काढून माझ्या तळाशी, फडक्याखाली लपवू लागल्या. यजमानांनाही पत्ता नव्हता.

एकदा त्यांचा धाकटा भाऊ नोकरीच्या मुलाखतीसाठी मुक्कामाला आला. त्याला लहानपणापासून दमा. जेवताना म्हणाला, "माझे आत्तापासूनच पाय लटपटतायत. तुझं बरं आहे ताई, तुला भीती ठाऊकच नाही." बाईंनी नुसता पाण्याचा पेला तोंडाला लावला. मग चष्मा पुसायला फडके हवे म्हणून त्याने मला उघडले.

"या कसल्या गोळ्या गं?"

"डोकेदुखीच्या," बाई पटकन म्हणाल्या.

सकाळी मुलाखतीच्या धास्तीने भावाचे डोके ठणकू लागले. बाई आंघोळीला गेल्या होत्या. त्याने माझ्यातली एक गोळी गिळली, आणि उतार पडेना म्हणून आणखी एक. बूट घालून निघेपर्यंत त्याची छाती घरघरू लागली. दम्याचा पंप ओढला, पुन्हा ओढला, तरी श्वास पुरेना. ओठ निळसर पडले.

त्याला तातडीने दवाखान्यात नेले. तिथे यजमान होते, बाईंची आईही धावत आली होती. "सकाळपासून काय घेतलंय यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"ताईची... डोकेदुखीची..." भाऊ धापा टाकत म्हणाला.

बाईंनी मला पर्समधून काढून पुढे केले. हजारो लोक ज्यांचे ऐकत, त्या बाईंचा आवाज जेमतेम ऐकू आला. "डोकेदुखीची नाहीये ती," त्या म्हणाल्या. "धडधड थांबवायची आहे. माझी आहे. मी खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. दम्यात ही गोळी चालत नाही, तिच्यापुढे पंपही लागू पडत नाही," असे म्हणून त्यांनी लगेच औषध बदलले. यजमानांनी मात्र एकदाच वळून पाहिले, आणि बाईंची मान खाली गेली.

संध्याकाळी भावाचा श्वास मोकळा झाला. मुलाखत हुकली होती. बाई त्याच्या उशाशी रडत बसल्या.

"तुलाही भीती वाटते हे आधी सांगायचंस ना, ताई," तो म्हणाला. "आयुष्यभर मी तुझ्याकडे बघून स्वतःला भित्रा म्हणत आलो."

बाईंनी त्याचे पांघरूण नीट केले.

आता गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटात, औषधांच्या कपाटात असतात. घरात सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी गोळी घेताना बाई अजूनही भिंतीकडे तोंड करतात. मित्रांनो, औषध लपवू नका, त्याला खोटे नाव देऊ नका. आणि तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्याला भिंतीकडे वळावे लागणार नाही, असे वागा.