चष्मेवाल्यांची कॉम्प्युटर खरेदी

चष्मेवाल्यांनी आपलं दुकान बंद केलं त्याला वर्ष होत आलं होतं. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरी कॉम्प्युटर घ्यावा, फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडावं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले.

काउंटरवरच्या बाई बोलायला मोकळ्या होत्या. "काका, मोडेम आतलाच हवा की बाहेरून जोडायचा?"

"फरक काय पडतो?"

बाईंनी फरक सांगितला, बसायला खुर्ची दिली. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांच्याकडे बघून बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मेमरीचं विचारायला गेले. मग पडदा केवढा घ्यावा ते विचारायला. मग कीबोर्डचा आवाज फार होतो का, ते. निमित्त काही का असेना, इस्त्रीचा शर्ट घालून ते निघायचे.

"एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या, "इंटरनेट चालू असताना फोन एंगेज लागेल. घरच्यांची गैरसोय व्हायची."

"होऊ दे," म्हणत ते माउस उलटापालटा करून बघत राहिले.

शेवटी बाईंनीच तिढा सोडवला. "काका, हा साधाच घ्या. महागडा घेतलात तरी लाइन तीच, वेगही तोच. उगाच डोक्याला ताप कशाला?"

बोलणं खरं होतं. विचारायला काही उरलंच नाही. चष्मेवाल्यांनी पडल्या चेहऱ्याने कॉम्प्युटर घेतला.

जोडून द्यायला बाई स्वतः घरी आल्या. मोडेम खरखरला, किंचाळला, गप्प झाला.

"लागलं! पहिला मेल कोणाला पाठवायचा?"

चष्मेवाले नुसतेच खिसे चाचपू लागले. बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी दुकानाचा ईमेलचा पत्ता टाइप करून दिला.

त्या गेल्यावर चष्मेवाल्यांनी एका बोटाने लिहिलं, 'कॉम्प्युटर छान चालतो. आभारी आहे.'

शनिवारी उत्तर आलं. 'धन्यवाद. काही अडचण असल्यास जरूर कळवा.'

त्यांनी मशीन सगळीकडून तपासलं, वायरी हलवून बघितल्या. कुठे म्हणून खोट सापडेना. रविवारी दुपारी ते पुन्हा लिहायला बसले. 'अडचण अशी, की काही काम नसताना दुकानात यावंसं वाटतं. चालेल का?' आणि धीर सुटायच्या आत बटण दाबलं.

दुकान आज बंद, उत्तर उद्याशिवाय येणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी लाइन तोडली नाही.