रविवारची कणीक

डब्याचं झाकण ‘टण्’ करून निघालं, तशी प्रणिता दचकून आतल्या खोलीकडे पाहत राहिली. बाहेर नुकतं फटफटत होतं. घर इतकं गप्प असायचं, की कणकेच्या डब्याचा आवाजही आगाऊ वाटावा.

आत खाट करकरली. तिची सासू कस्तुराबाई पदर सावरत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“काय करून राह्यली व एवढ्या सकाळी?”

“गोळ्या, आई. माशाईसाठी.”

परातीत कणीक होती, मूठभर बेसन होतं, वरून सरकीची ढेप चुरून टाकलेली. कस्तुराबाईने वाकून पाहिलं आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या एकदम सैल झाल्या.

“कोनं सांगतलं तुले? म्या आजच म्हननार होती. माह्या मायनं माह्या भावासाठी केलं होतं असं. तळ्यातल्या माशाईले कनकेच्या गोळ्या चारल्या का घरचं मानूस घरी येते.” गुडघ्यावर हात देत ती खाली बसली. “सरक तिकडं. तुले मळता येते का कनीक? पानी झालं सगळं.”

पहिली गोळी तळहातावर फिरवताना तिचे ओठ हलले. “विकास घरी येवो.” गोळी ताटात ठेवली. दुसरी घेतली. “विकास घरी येवो.”

प्रणिताने तोंड उघडलं होतं. पण तिच्या नवऱ्याचं, विकासचं नाव या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्याने घेतलं होतं. तो चाकणला कंपनीत लागला तेव्हा रोज फोन करायचा. मग रविवारचा करू लागला. पोळ्याच्या सणापासून इकडून फोन लावला की रिंग वाजून वाजून बंद व्हायची. सासू-सुनेत भांडण असं नव्हतं. बोलण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती दोघींनाही काढवत नव्हती. सासरे रामराव शेतातल्या झोपडीतच निजायचे. त्यांनी आपली सुटका करून घेतली होती.

प्रणिताने तोंड मिटलं.

गोळ्या चारण्यासाठी नव्हत्याच. गळाला लावायच्या होत्या.

शाळेतले तिचे मास्तर, शेषराव सर, निवृत्त झाल्यावर एका लहानशा संस्थेच्या कामात पडले होते. तांड्यावरची, वस्तीतली पोरं; आईबाप ऊस तोडायला गेलेले, पोरं म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली. दर रविवारी सर त्यांना तलावावर न्यायचे, प्रत्येकाच्या हाती बांबूची काठी, दोरी अन् गळ द्यायचे. जे लागेल ते दुपारी तिथेच शिजायचं. पोटभर. गावातून कुणी तांदूळ देई, कुणी तेल.

“पोराले इचारलं, घरी कोन हाय, तं ते गप्प बसते,” सर तिला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले होते. “हातात गळ देला, बाजूले बसलं, आपनही पान्याकडं पाह्यलं, का आपोआप बोलते.”

प्रणिताला ते ऐकून आत कुठेतरी कळ आली होती. बाजूला बसलं, आपणही पाण्याकडे पाहिलं. एवढंच. ती म्हणाली, “सर, गळाच्या गोळ्या म्या करून देत जाईन.” पण घर माळकरी. या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. म्हणून पहाटेचा डबा, म्हणून सरांची मोटरसायकल कोपऱ्यावर थांबायची, दारात नाही.

आता ती दारात थांबू लागली. कस्तुराबाई स्वतः डबा नेऊन द्यायची. सर बुचकळ्यात पडून प्रणिताकडे पाहायचे. प्रणिता जमिनीकडे.

रविवारची सकाळ घरात बोलू लागली.

“बोराएवढी कर म्हनलं, लाडू नाही वळाचा. मासा हाय का जावई?”

“तुमचीच मोठी हाय, आई.”

“माही विकासच्या नावाची हाय. मोठीच राहीन.” मग हसू दाबत, “लहानपनी कच्ची कनीक चोरून खाये तो. पोट दुखलं का बापाले सांगे, मायनं पोळी कच्ची देली. म्या बोलनी खाल्ली त्याच्यापायी.”

प्रणिताची चार वर्षांची लेक संस्कृती मध्ये बसून स्वतःच्या गोळ्यांना डोळे काढायची. प्रणिताला वाटे, पुढच्या रविवारी सांगू. मग एका दुपारी विकासचा फोन आला. दोन मिनिटं. बरा आहे म्हणाला. संक्रांतीला पाहतो म्हणाला. कस्तुराबाईने शेजारीपाजारी साखर वाटली. त्यानंतर सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

संक्रांत आली आणि गेली. तिळाचे लाडू डब्यात वातड झाले. कस्तुराबाईने त्यावरही उत्तर काढलं.

“माह्याच हातानं टाकाव लागते. मास्तर टाकून राह्यले, तं पुण्य त्याईले लागते. पाह्य बरं, त्याईचं पोरगं दर शनिवारी येते का नाही घरी?”

“आई, लंबं हाय तलाव. अन् तिथं पोरं असतात लय.”

“असू दे. म्या काय पोरं पाह्यले नाहीत?”

त्या रविवारी तिघी गावातल्या ऑटोने निघाल्या. दुतर्फा हरभरा घाट्यावर आलेला. प्रणिता प्रत्येक वळणावर मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आई, त्या गोळ्या. आई, रागावू नका. ऑटो तलावाच्या भिंतीखाली थांबला तेव्हा तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं.

कस्तुराबाई ताट घेऊन सरळ पाण्याकडे गेली. काठावर ओळीने पोरं बसली होती. इतकी पोरं, आणि एवढी शांत. ती जरा थबकली. मग पदर डोक्यावर घेतला, बसली, एक गोळी उचलली आणि ओठ हलवू लागली.

बाजूच्या पोरीने हात घालून ताटातली एक गोळी उचलली. मोती तिचं नाव, तांड्यावरची, आठ-नऊ वर्षांची. सवयीने तिने गोळी गळावर दाबली, दोरी पाण्यात सोडली. कस्तुराबाई नुसती पाहत राहिली. दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा बुडाला. मोतीने काठी उपसली आणि वीतभर रोहू गवतात येऊन पडला, तडफडू लागला. त्याच्या ओठाशी कणीक चिकटलेली होती. पिवळसर. घरची.

“लागला! आजी, तुही गोळी लागली!” मोती नाचू लागली.

कस्तुराबाईने मान वळवून प्रणिताकडे पाहिलं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“तुले मालूम होतं?”

प्रणिताने मान डोलावली.

“म्या हरेक गोळीवर त्याचं नाव घेतलं व.”

“आई, तुमी माह्यासंगं बसल्या म्हून मले—”

“त्याच्या नावानं गळ टाकला म्या. अन् वरून वाट पाहून राह्यली, काहून नाही आला.”

शेषराव सर दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. मोतीला यातलं काही कळलं नव्हतं. तिने रिकामा गळ पुढे केला. “आजी, अजून एक दे न.”

“तुही माय कोठी हाय?” कस्तुराबाईने विचारलं.

“ऊस तोडाले.”

“सकाळून खाल्लं का काही?”

“आता खाईन न. हा शिजला का.”

कस्तुराबाईने ताट जवळ ओढलं. मग एकेक करून सगळ्या गोळ्या तिने ओंजळीत घेतल्या आणि दाबू लागली, दोन्ही तळहातांनी, जोर लावून, बांगड्या कोपरापर्यंत चढेस्तोवर. गोळ्यांचा पुन्हा एक उंडा झाला. कोणती गोळी कुठे होती ते काही उरलं नाही. तो उंडा तिने मोतीच्या हातात दिला.

“घे. तुह्या हातानं कर आता.”

हात पाण्यात न बुडवता तिने ते गवताला पुसले आणि दूर बाभळीखाली जाऊन पाठ करून बसली. दुपारी पोरं जेवली. प्रणिता तिच्यासाठी घरची भाकरी घेऊन गेली. भाकरी तशीच राहिली.

परतताना ऑटोत कस्तुराबाई कडेला बसली, तोंड बाहेर करून. मध्ये संस्कृती, उन्हाने लाल झालेली, खुशीत पाय हलवत.

“आई, ते मोती हाय न, तिची माय होळीले येते.”

“हो.”

“दरसाल होळीलेच येते. तिनं सांगतलं मले.”

“हो बाई.”

रस्त्यावर खड्डा आला. कस्तुराबाईने तोल सावरायला हात टेकला, तो प्रणिताच्या हातावर पडला, आणि तिने आपला हात लगेच उचलून घेतला. संस्कृतीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा आईकडे.

“मंग आपले बाबा कोन्त्या सनाले येतात?”