निळ्या तंबूवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. जुना म्हणजे अवघ्या चार महिन्यांचा, पण तेवढ्यातच माझं आयुष्य आटोपलं. डोंगरावर ऐटीत उभे राहतात ते तंबू वेगळे. मी घरी शिवलेला, दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावरचा. आता माझा अर्धाच भाग उरला आहे, आणि बाकीचा कुठे गेला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आधी मी नुसतं पडद्याचं कापड होतो. जाड, सुती, मळखाऊ निळं. एका गिऱ्हाइकाने शिवायला टाकलं आणि नेलंच नाही. ज्या घरात मी पडून होतो तिथली आई कपडे शिवायची, शिवाय आजूबाजूच्यांचे कपडे इस्त्री करून द्यायची. पुढच्या खोलीत सकाळपासून इस्त्री तापलेली असे आणि घरभर गरम कापडाचा वास. पाहुणे नाक मुरडत. घरच्यांना मात्र तो वास येतच नसे, इतका तो अंगवळणी पडला होता. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा.

एके दिवशी बाबांनी बंद झालेल्या एका वसतिगृहातून दुमजली पलंग आणला. वर थोरली, खाली धाकटी. धाकटी पाच वर्षांची, तिला सगळे पिटुकली म्हणत. दोनच दिवसांत तिची तक्रार आली.

"आई, ताई पाय खाली सोडून बसते. तिचे पाय माझ्या घरात येतात!"

"अगं, पलंग म्हणजे काय घर आहे?"

"आहे. तू फक्त भिंती करून दे."

आईने कपाळाला हात लावला खरा, पण हौस तिलाही कमी नव्हती. तिने टेप लावून पलंग मापला, मला जमिनीवर पसरलं आणि खडूने रेघा ओढल्या. वरच्या कडेला नेफा करून त्यात नाडी ओवली आणि ती पलंगाच्या वरच्या कठड्याला बांधली. पुढे दार ठेवलं. त्याची बटणं आतूनच हवीत, म्हणजे ताईला उघडता येणार नाहीत, हा पिटुकलीचा हट्ट. काजं करण्यात आईचा हात कोणी धरला नसता. तिने सात बटणं लावली आणि जाड कोटाला करतात तशी घट्ट काजं केली.

"ओढून बघ," ती थोरलीला म्हणाली. थोरलीने दोन्ही हातांनी ओढलं. मी जागचा हललो नाही. काय छाती फुगली होती माझी तेव्हा! आता त्याची लाज वाटते.

आत अंधार पडला, म्हणून बाबांनी चिमट्याचा जुना दिवा कठड्याला लावून दिला. त्यात तापणारा, जुन्या पद्धतीचा बल्ब होता.

"कापडापासून लांब ठेवा हो," आई म्हणाली.

"वीतभर लांब आहे की," बाबा म्हणाले.

होताच तो वीतभर लांब. पण थोरली वर चढली-उतरली की सगळा पलंग डुलायचा आणि चिमटा केसभर घसरायचा. वितीची चार बोटं झाली, चार बोटांची दोन. आधी मला नुसती ऊब लागली. मग चटका बसू लागला. मग अंगावर पिवळा डाग उमटला आणि दिवसागणिक तपकिरी होत गेला. मी काय करणार? कापडाला तोंड नसतं.

"आई, इथे करपल्यासारखा वास येतोय," थोरली एकदा म्हणाली.

"मग काय अत्तराचा येणार? इस्त्री चालू आहे ना घरात!"

चादर बदलताना आईला तो डाग दिसला. दिवा तेव्हा बंद होता. तिने डाग नाकाशी नेला, हुंगला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चहा सांडला असेल कार्टीने." मग डागावर चकचकीत साटीनचा एक तारा शिवून टाकला. पिटुकली टाळ्या पिटत नाचली. माझ्या मात्र काळजाचं पाणी पाणी झालं, कारण साटीन माझ्यासारखं हळूहळू करपत नाही, ते वितळून भडकतं.

दोन दिवसांनी दुपारी पिटुकली शाळेतून आली, आत शिरली, सातही बटणं लावली आणि दिव्याखाली चित्रांचं पुस्तक बघता बघता झोपली. बल्ब आता ताऱ्याला टेकला होता. ताऱ्याचं एक टोक आक्रसलं. धुराची बारीक रेघ निघाली. पिटुकलीने डोळे न उघडताच हाक मारली.

"आई, तुझी इस्त्री करपतेय!"

पुढच्या खोलीत आई कापड बेतत होती. "वेडाबाई, आज मी इस्त्री लावलीच नाही!"

एवढं बोलली मात्र, आणि ती धावत सुटली.

"पिटुकली, बटणं काढ! बटणं!"

इवलीशी बोटं, घट्ट काजं आणि डोळ्यांत धूर. एकच बटण निघालं. जाळ नेफ्याकडे चढत होता. फाटावं, नुसतं फाटावं, असं मला वाटत होतं, पण शिवण पक्की होती. आईच्या हातात बेतायची कात्री तशीच होती. तिने ती माझ्यात खुपसली आणि वरपासून खालपर्यंत मला उभा चिरला. पिटुकलीला काखेत धरून बाहेर ओढलं. पाठोपाठ धावत आलेल्या थोरलीने आधी दिव्याची पिन उपटली, मग बादली ओतली.

पिटुकलीची बट जळली होती, आईचा तळहात पोळला होता. जमिनीवरच्या पाण्यात बसून, लेकीला उराशी आवळून आई एकच सांगत राहिली, "मला वास आला होता गं. मला आला होता, आणि मी वर तारा शिवला."

चार दिवसांनी पिटुकली मला घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. "आई, जोड ना याला." जिने कुणाचं फाटकं कधी परत पाठवलं नाही, ती आई "नाही" म्हणाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने मला इस्त्रीच्या टेबलासमोर खिळ्याला टांगलं.

परवा पुन्हा वास आला. इस्त्रीचाच होता, मलाही कळत होतं. तरी आईने पिन काढली, सगळ्या खोल्या फिरली, झोपलेल्या पिटुकलीच्या उशीखाली हात घालून पाहिला आणि मगच परत कामाला लागली. मित्रांनो, "असेल काहीतरी" म्हणून बसून राहू नका. उठा आणि बघून या.